एनारचे मुके

एनार टोलेफसन ट्रकांचे मुके घेतो, ही बातमी खिंडीखालच्या त्या गावात प्रथम कुजबुजली गेली न्हाव्याच्या खुर्चीत, आणि तिथून ती दाढीच्या फेसापेक्षा लवकर फुगली. बायको मारिट गेल्यापासून म्हातारा चळलाय म्हणे. ट्रकखाली शिरतो, डोळे मिटतो आणि मागच्या चाकांपाशी ओठ लावून पडतो. काहींच्या मते मुके वगैरे सगळं झूट, तो सरळ झोपा काढतो.

गॅरेजची मालकीण डार्लीन हिला मुक्यांचं काही नव्हतं, झोपेचं होतं. ब्रेकचं काम पेंगत करणारा माणूस ठेवायचा कसा? आज स्वतः बघायचं आणि झोपलेला सापडला तर संध्याकाळी निरोप द्यायचा, असं तिने ठरवूनच टाकलं.

दुपारी वेस मॅकनबचा लाकडं वाहणारा ट्रक आला. मागच्या उजव्या चाकाची ब्रेकची नळी घासून घासून इतकी झिजली होती की रबरातले धागे बाहेर डोकावत होते. खिंड उतरताना ती फुटली असती, तर वेस लाकडांसकट नदीत.

एनारने चाकांना ठोकळे लावले, ब्रेक चालवणाऱ्या टाक्यांमधली हवा सोडली आणि पाठीवर सरकत तो आत गेला. दाराबाहेर बर्फ वितळत होता. साचलेल्या पाण्यावरचा उजेड ट्रकच्या पोटावर असा हलत होता, की वाटावं सगळं गॅरेजच नदीच्या तळाशी आहे आणि एनार तिथे निवांत पहुडलाय. एका पान्याने जोड धरून दुसऱ्याने त्याने जुनी नळी सोडवली. नवी बसवली, पीळ पडू न देता, चाकाबरोबर हलेल इतकी सैल. मग बाहेर येऊन इंजिन चालवून टाक्या हवेने भरल्या, इंजिन बंद केलं आणि तो परत खाली शिरला. वेस केबिनमध्ये ब्रेक दाबून बसला.

डार्लीन चार पावलांवर येऊन उभी राहिली. तिला स्वच्छ ऐकू आली, नव्या जोडातून निघणारी बारीक शिट्टी. एनारचे डोळे मिटलेले.

"एनार, झोपलात की काय?"

डोळे तसेच मिटलेले.

"नवरदेवाला उठवू नका बाई," वेस वरून म्हणाला. "मुहूर्त चाललाय."

ती त्याचा बूट ओढायला वाकली. तेवढ्यात एनारने ओठांवरून जीभ फिरवली आणि तोंड नळीच्या कडेकडेने सरकवत नेलं, सावकाश, आंधळ्याने भिंत चाचपावी तसं. जोडापाशी थांबला. पान्याला अर्धा झटका दिला. शिट्टी बंद. वरून साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा उठला नाही. मग कुठे त्याला ती दिसली.

"कधी आलात?"

डार्लीन सरळ उभी राहिली. मग मोठ्या आवाजात म्हणाली, "आत्ताच. उद्या आठला या, नेहमीसारखे."

वेस खिंडीकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी न्हाव्याने तिला गाठलंच. "खरंच घेतो का गं मुके?"

"घेतो की. तू घरी घेतोस त्याहून जास्त."

एनारला नऊ वर्षांपासून कमी ऐकू येत होतं, आणि बारीक शिट्टी तर मुळीच नाही. सुटणारी हवा तो ओल्या ओठांनी शोधायचा.