चौथा कप्पा रिकामा नव्हता

शंकी माझी सख्खी धाकटी बहीण. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिचं काम बघितलं की लोक विचारतात, ही कुणाची कोण? माझी. मी आठवीत शाळा सोडून वेल्डिंगला लागलो, आणि माझा जोड सुटला असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. माझ्या दुकानाचा अर्धा भाग मी तिला दिला. इकडे माझ्या ठिणग्या, तिकडे तिचे उघडे पडलेले कॉम्प्युटर, मधे मीच ठोकलेला पत्रा.

शंकी हे घरचं नाव. लहानपणी वास घेतल्याशिवाय दुधाचा पेला तोंडाला लावायची नाही. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायची, आणि मी "अगं, लागलंय" म्हटलं की चौथ्यांदा. आई म्हणायची, "हिचं लग्न कसं व्हायचं? मुलगा हो म्हणाला तरी ही विचारेल, नक्की?"

आमच्या मागच्या गल्लीत बूटवाले काका आहेत. वाकड्या पायांसाठी बूट बनवतात. कुणी आलं की तोंडाकडे नाही, आधी पायांकडे बघतात. त्यांचे बूट हॉस्पिटलात जातात, आणि त्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांभाळायची एक जागा निघाली होती. काका शंकीला म्हणाले, "माझं मापाचं मशीन संध्याकाळपर्यंत चालू कर, तिथे तुझं नाव घालतो. नाहीतर दुसरा पोरगा तयार आहे."

शंकीला ती जागा हवी होती. तीन वर्षं पत्र्याआड बसून माझा धूर खात होती. बोलली कधी नाही, पण मला काय डोळे नाहीत?

मीही सोबत गेलो. काकांवर माझा विश्वास नव्हता. स्क्रू हरवला तरी आधी समोरच्याचे खिसे बघणारा माणूस.

काम असं होतं. मशीनच्या काचेवर पाय ठेवला की माप कॉम्प्युटरात उतरतं. पण काकांनी दोन वर्षांपूर्वी नवीन सिस्टिम घालून घेतली, तेव्हापासून मशीन मुकं. म्हणून जुन्या पद्धतीची एक सिस्टिम शेजारी बसवायची, दोन्ही एकाच डिस्कवर. शंकीनं पेनड्राइव्ह लावला आणि तिथेच गाडी अडली. डिस्कवर जागा भरपूर, पण निरोप एकच, नवीन पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा कप्पा, बनवता येत नाही.

"जागा असून नाही म्हणतंय? खोटं बोलतंय," मी म्हणालो.

"खोटं नाही, दादा. ही जुन्या पद्धतीनं आखलेली डिस्क आहे. हिच्यात मुख्य कप्पे चारच होतात. चार आधीच आहेत."

"मग एक उडव."

"कुठला?"

पहिला कप्पा कॉम्प्युटर सुरू होण्यापुरता. दुसऱ्यात नवीन सिस्टिम. तिसऱ्यात काकांचे कागद. चौथा चांगला मोठा, पण त्याला ना नाव ना गाव. त्यावर क्लिक केलं की एकच पाटी यायची, वापरण्याआधी फॉरमॅट करा, म्हणजे पुसून कोरा करा.

"कर की मग," काका म्हणाले. "तोच सांगतोय."

"दाब गं," मीही म्हणालो. लपवत नाही, म्हणालो. माझ्या डोळ्यांसमोर ती हॉस्पिटलची जागा होती.

शंकीनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "रिकामा कप्पा इतका मोजून कोण करतं? काका, हा कुणी केला?"

"तुला काय करायच्यात चौकश्या?"

तिनं पिशवीतून दुसरा पेनड्राइव्ह काढला. "यातली सिस्टिम यातूनच चालते. डिस्कवर काही न लिहिता आत नुसतं बघता येतं."

काकांनी तो लावायच्या जागेवर चक्क तळहात ठेवला. "म्हणजे माझी गिऱ्हाइकं उचलून नेता येतात! एकदा घात झालाय माझा. भागीदार भांडून गेला, आणि जाताना सातशे पायांची मापं पुसून गेला. चार दारं सोडून राहतो. तोंड बघत नाही मी त्याचं."

"तो होता तेव्हा कॉम्प्युटर सुरू करताना आधी कुठली सिस्टिम चालवायची अशी यादी यायची का?"

"यायची. दोन ओळी. तो खालची निवडायचा. मला कुठे त्यातलं कळतं?"

"मापं पुसलीत हे कधी कळलं?"

"तो गेल्यावर नवीन सिस्टिम घातली ना, तेव्हा. बघतो तर काही नाही."

"म्हणजे आधी सिस्टिम घातली, मग मापं दिसेनाशी झाली."

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "मला उलटतपासणी नको! दाबायचं तर दाब, नाहीतर ऊठ."

शंकी उठली. पिशवीची चेन लावली. "हॉस्पिटलात दुसऱ्याचं नाव सांगा. पण फॉरमॅट कुणालाही करू देऊ नका."

 माझं डोकं तापलं. आमच्या घरची पोरगी हातची जागा सोडून उठते, ते उगाच? मी म्हणालो, "काका, तिला बघू द्या. काम झालं की तो पेनड्राइव्ह तुम्हीच ठेवून घ्या. वाटलं तर ठेचा, हातोडा मी देतो."

काकांनी माझ्या पायांकडे बघितलं. ठिणग्यांनी भोकं पडलेले बूट.  मग पेनड्राइव्हच्या जागेवरचा हात काढला.

दहा मिनिटांत चौथा कप्पा उघडला. आत एका फोल्डरात फायली, नावाच्या जागी नुसते आकडे. शंकीनं एक उघडली, आणि पडद्यावर एक पाऊल आलं. एवढंसं, बोटं आत वळलेली.

"पाववाल्याची मुलगी," काका हळूच म्हणाले. "आता केवढी झाली असेल."

सगळी होती. सातशेच्या सातशे.

"नवीन सिस्टिमला या कप्प्याची पद्धत वाचता येत नाही," शंकी म्हणाली. "आपल्याला वाचता येत नाही हे कबूल करत नाही, रिकामा म्हणून मोकळी होते. आणि स्वतः आत येताना हिनं जुनीकडे जायचं दार बुजवलं. दुसरी सिस्टिम बसवायचीच नाही, काका. ती याच कप्प्यात आहे. दार तेवढं उघडायचं."

आधी तिनं मापांची एक प्रत काकांच्याच वेगळ्या डिस्कवर उतरवली. मगच दाराला हात लावला. उन्हं उतरेपर्यंत दोन ओळींची यादी परत आली. खालची ओळ निवडली आणि काचेखाली दिवा लागला.

 काकांच्या तोंडी ना शाबास, ना हॉस्पिटलचं नाव. त्यांनी पेनड्राइव्ह खणात टाकून कुलूप लावलं.

"बघितलंस? कामापुरता मामा," मी रस्ताभर धुमसत होतो.

"थांब रे, दादा. दोन वर्षं कुणाला शिव्या दिल्या, ते आठवतायत ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतो, तर समोर काका. पेनड्राइव्ह शंकीच्या हातात ठेवला. "हॉस्पिटलात फोन केला. म्हटलं, पोरगी भारी संशयी आहे. ते म्हणाले, अशीच हवी. सोमवारी जा." मग तिथेच घुटमळले. "आणखी एक काम आहे. चार दारं सोडून यायचंय. बोलायचं तू. मी मागे उभा राहतो."

शंकीनं कुलूप तीनदा ओढून बघितलं. चौथ्यांदा मीच ओढलं.

भागीदारानं दार उघडलं. शंकी तोंड उघडणार, तर त्याची नजर तिच्या मागे, खाली, काकांच्या बुटांवर.

"डावी टाच झिजलीय," तो म्हणाला. "काढ तो बूट."

काकांनी चौकट धरली आणि एका पायावर उभं राहून बूट काढला.