तीन भोकांची बटणं

जिन्याखालच्या त्या दुकानात दोन गिऱ्हाइकं एकदम शिरली की मालकिणीला श्वास पोटात धरून उभं राहावं लागायचं. रुंदी सहा फूट, त्यातले तीन फूट खोक्यांनी गिळलेले. जमिनीपासून पायऱ्यांच्या पोटापर्यंत नुसती पुठ्ठ्याची खोकी, आणि प्रत्येक खोक्याच्या तोंडावर आतल्या बटणाचा एकेक नमुना दोऱ्याने टाचलेला. नाव नाही, नंबर नाही. दाराबाहेर पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. "बटणमावशीकडे जा," एवढं सांगितलं की भागायचं.

मावशी मूळची या गल्लीतली नव्हे. बाविसाव्या वर्षी सून म्हणून आली. दुकान सासऱ्यांचं. मुलाने ते पुढे चालवावं अशी त्यांची फार इच्छा, पण मुलाचं म्हणणं असं की दिवसभर एका जागी बसून भोकं मोजण्यापेक्षा रस्त्यावरचे खड्डे मोजलेले बरे. तो बसवर ड्रायव्हर झाला. मग सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. "दोन दिवस येऊन तर बघ," ते म्हणाले. ती गेली. तिसऱ्या दिवशी एका बाईच्या निळ्या स्वेटरसाठी तिने एवढ्या ढिगातून जे नेमकं बटण काढून दिलं, ते पाहून सासरे खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "आता तूच बस इथे." त्यानंतर ते दुकानात यायचे ते बाकावर बसून पेपर वाचायला आणि जुन्या गोष्टी सांगायला. पुढची बारा वर्षं त्यांनी हे काम मन लावून केलं.

बेचाळीस वर्षांत मावशीची नजर अशी तयार झाली की माणूस दारात उभा राहिला की त्याच्या तोंडाआधी तिला त्याच्या छातीवरची रांग दिसायची. "चौथं गेलंय, आणि खालचं जायच्या बेतात आहे," असं ती ओळख नसलेल्या माणसालाही सांगून टाकायची. एकदा एक नवरदेव लग्नाला अर्धा तास उरलेला असताना धापा टाकत आला. कोटाचं मधलंच बटण गायब. तसं बटण दुकानात नव्हतं. मावशीने कोटाची आतली बाजू उलटवली, शिंप्याने तिथे टाचून ठेवलेलं जादा बटण सोडवलं, पुढे लावून दिलं आणि म्हणाली, "हे तू आणताना बरोबरच आणलं होतंस रे बाबा. पळ आता."

तर अशा या मावशीवर एका फोटोपायी गल्लीतल्या एका भल्या माणसाचं मन दुखावण्याची वेळ आली.

झालं असं, की नगरपालिकेचं पत्र आलं. शहरातल्या जुन्या गल्ल्यांमध्ये सगळ्यांत जुन्या दुकानावर पितळी पाटी लावायची होती. पुरावा द्या, पाटी घ्या. पत्र वाचून झालं तेव्हाच दोन माणसांनी आपापल्या मिशीवरून हात फिरवला. एक जोडेवाले आणि दुसरे खिळेवाले. दोघांची दुकानं समोरासमोर आणि तोंडं मात्र दोन दिशांना. जोडेवाल्यांच्या दारावरचं ताडपत्रीचं छप्पर चार बोटं पुढे आलंय की नाही, यावर त्यांचा तीस वर्षं वाद चाललेला. छप्पर तेवढंच होतं, वाद मात्र वाढत होता.

"आमचं दुकान पंचाण्णव वर्षांचं," जोडेवाले म्हणाले.

"यांच्या पहिल्या जोड्यातला खिळासुद्धा आमच्याकडून गेला असेल," खिळेवाले म्हणाले.

पुरावे तपासायचं काम शाळेतल्या बाईंकडे गेलं. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, इतिहास शिकवायच्या, आणि या दोघांच्याही मुलांचे कान त्यांनी पिळलेले होते. त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती. जोडेवाल्यांनी त्यांच्या हाती एक फोटो दिला. गल्ल्याच्या मागे भिंतीवर उंच टांगलेला, सोनेरी चौकटीतला. दुकानाच्या दारात एक तरुण उभा, अंगात गडद कोट, ओठांवर कोवळी मिशी. "आमचे आजोबा," जोडेवाले सांगायचे, "दुकान उघडलं त्या दिवशी काढलेला." दहा वर्षांपूर्वी माळा साफ करताना हा फोटो त्यांना एका जुन्या जोड्यांच्या खोक्यात, तळाच्या कागदाखाली सापडला होता. तेव्हापासून रोज सकाळी दुकान उघडलं की ते पॉलिशच्या मऊ ब्रशने आधी त्याच्यावरची धूळ झटकायचे, मग जोड्यांवरची.

फोटो पिशवीत घालून बाई घरी निघाल्या, आणि वाटेत स्वेटरच्या बटणासाठी मावशीकडे थांबल्या. बटण निघेपर्यंत त्यांनी फोटो टेबलावर ठेवला. मावशीने तो इतक्या वर्षांत पाहिला होता, पण गिऱ्हाइकासारखा, खालून आणि लांबून. आता तो नाकासमोर आला आणि सवयीने तिची नजर चेहरा सोडून कोटावर गेली. तिने भिंग घेतलं.

"बाई, हा फोटो किती वर्षांपूर्वीचा म्हणालात?"

"ते पंचाण्णव म्हणतात."

"नाही हो. अडुसष्ट. नाहीतर सदुसष्ट."

बाई चष्मा पुसायला लागल्या. मावशीने भिंग त्यांच्या हातात दिलं. काळ्या बटणांवर पांढऱ्या दोऱ्याचे टाके स्पष्ट दिसत होते. नेहमी दिसते तशी फुली नव्हती, समांतर रेघा नव्हत्या. प्रत्येक बटणावर छोटासा त्रिकोण होता.

"ही तीन भोकांची बटणं आहेत," मावशी म्हणाली. "कारखान्यातल्या यंत्राची एक सुई मोडली होती, त्यात हा सगळा माल बिघडला. सासऱ्यांनी अख्खं पोतं उचललं. त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचा जन्म झाला. सासूबाई मरेपर्यंत सांगत होत्या, पाळणा आणायला पाठवलं तर पोतं घेऊन आले. मग सासरे गल्लीभर सांगत सुटले की तीन टाक्यांचं बटण जास्त पक्कं बसतं. वर्षभरात पोतं रिकामं. त्याआधी असली बटणं नव्हती आणि त्यानंतर परत आली नाहीत."

बाईंनी मनात हिशेब केला. फोटोतला माणूस पंचविशीतला. अडुसष्ट वर्षांपूर्वी जोडेवाल्यांचे आजोबा पन्नाशी ओलांडलेले असणार.

"मग हे आजोबा नव्हेत," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

हा कोण, ते दोघींनाही कळलं होतं. जोडेवाले दोन वर्षांचे असतानाच त्यांचे वडील बोटीवर काम करायला गेले होते. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. आजोबांनी रागाने म्हणा, दुःखाने म्हणा, मुलाची एकूण एक वस्तू घराबाहेर काढली आणि त्याचं नाव काढायची बंदी केली. आई लवकर गेली. आजीने बहुतेक हा एक फोटो खोक्याच्या तळाशी दडवला असावा, आणि तीही सांगायची राहून गेली. जोडेवाल्यांनी पासष्ट वर्षांत वडिलांचा चेहरा पाहिलेला नव्हता. आणि रोज सकाळी त्याचीच धूळ झटकत होते.

"मी सांगते त्यांना," बाई म्हणाल्या.

"नको. पाहिलंय मी, तर सांगायलाही मीच जायला हवं."

घरी गेल्यावर तिने आधी नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्हाला अडुसष्ट पूर्ण ना? नक्की?"

"का? लहान दिसतो का?"

"नाही."

"मग अडुसष्ट," नवरा म्हणाला आणि पुन्हा पेपरात गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला, ती फोटो घेऊन जोडेवाल्यांकडे गेली. ते एका बुटात लाकडी साचा बसवत होते. मावशीने जमेल तसं सांगितलं. यंत्राची सुई, पोतं, पाळणा, सगळं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की जोडेवाल्यांचा हात थांबलाय.

"वहिनी, खिळेवाल्याने पाठवलं का तुम्हाला?"

"नाही हो भाऊ."

"मग माझ्या लक्षात आलं. अडुसष्ट वर्षांपूर्वी तुमच्या सासऱ्यांचं दुकान होतं, असंच ना? म्हणजे पाटी तुम्हाला हवी. सरळ सांगायचं होतं. त्यासाठी माझ्या आजोबांना मध्ये कशाला आणलंत?"

मावशी गांगरली. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. "तेव्हा आमचं दुकान नव्हतंच," ती म्हणाली. "सासरे गळ्यात पेटी अडकवून दारोदार विकायचे. जिन्याखालची जागा दोन वर्षांनी मिळाली. पाटीचं मला काही नको. मी एवढंच सांगायला आले की हे तुमचे वडील असावेत."

जोडेवाल्यांनी फोटो तिच्या हातातून घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि पुन्हा साचा बसवायला लागले. तो उजव्या पायाचा साचा होता आणि बूट डावा. मावशी निघून आली.

आठ दिवस जोडेवाले तिच्या दुकानावरून गेले ते पलीकडच्या कडेने. भिंतीवर चौकटीच्या जागी रंग न उडालेला चौकोन तेवढा राहिला. मावशीला जेवण गोड लागेना.

"खरं तेच बोललीस ना? मग?" नवरा म्हणाला.

"बोलले खरं. पण त्या माणसाला आधी बसा तरी म्हणायचं होतं. उभ्या उभ्या सांगून मोकळी झाले."

"त्याचंच दुकान, त्यालाच बसा म्हणणार होतीस?"

"हो," मावशी म्हणाली, "म्हणायला हवं होतं."

नवव्या दिवशी जोडेवाले आले. दारात थोडे घुटमळले, मग बाकावर बसले आणि खिशातून दोन फोटो काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक तोच, चौकटीतून काढलेला. दुसरा त्यांचा स्वतःचा, लग्नाच्या वेळचा.

"कान बघा," ते म्हणाले.

जोडेवाल्यांचे कान हा गल्लीचा जुना विनोदाचा विषय. वाऱ्याच्या दिवशी त्यांना धरून ठेवावं लागतं, असं खिळेवाले म्हणायचे. मावशीने पाहिलं. दोन्ही फोटोंत तेच कान होते, तसेच बाहेर आलेले, वरच्या टोकाला तशीच बारीक मुडप.

"आजोबांचे कान लहान होते, डोक्याला चिकटलेले. मला चांगलं आठवतं, त्यांच्या खांद्यावर बसायचो मी. दहा वर्षं रोज बघतोय हा फोटो, आणि कानांकडे लक्ष गेलं नाही बघा." त्यांनी जुना फोटो तिच्याकडे सरकवला. "वहिनी, ही बटणं तुमच्या सासऱ्यांनी विकली, म्हणजे ते बोलले असतील ना यांच्याशी?"

मावशी खाली बसली. बाकावरच्या त्या बारा वर्षांतल्या गोष्टी तिने एकेक करून आठवल्या. आणि एक आठवली.

"सासरे सांगायचे," ती सावकाश म्हणाली, "जोड्यांच्या दुकानातला मुलगा कोटासाठी आधी सहा बटणं घेऊन गेला, मग दोनदा परत आला, एकेक मागायला. घ्यायचं एक आणि अर्धा तास गप्पा. शिट्टी फार सुरेख वाजवायचा म्हणे. गल्लीच्या तोंडाशी आला की घरात कळायचं. मला आपलं वाटायचं, ते तुमच्याबद्दल बोलताहेत."

"मला शिट्टी येत नाही," जोडेवाले म्हणाले. "कधीच आली नाही."

"ते मला आत्ता कळतंय."

जोडेवाल्यांनी ओठ गोल केले आणि एक फुंकर मारून पाहिली. नुसती हवा आली. त्यांना हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी रुमाल काढला. मावशी पाठ करून चहाचं आधण ठेवत राहिली, लागतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

पाटीचा निकाल त्यानंतर पटकन लागला. जोडेवाल्यांनी आपला दावा मागे घेतला. बाईंना शाळेच्या जिन्यात अक्षरं कोरलेली एक दगडी लादी सापडली. सापडली म्हणजे काय, तीस वर्षं त्या तिच्यावरूनच चढत उतरत होत्या. शाळा उघडली तेव्हा कुणी काय भेट दिलं याची ती यादी होती, आणि तिच्यात दारांच्या कड्या-बिजागऱ्या खिळेवाल्यांच्या दुकानाच्या नावावर होत्या. एक्याऐंशी वर्षांपूर्वीच्या.

पाटी लावायला माणसं आली ती शिडी न घेता. जोड्यांची वरची खोकी काढायची शिडी जोडेवाल्यांकडे होती. ती त्यांनी आणली आणि स्वतःच धरून उभे राहिले. खिळेवाल्यांना हे जडच गेलं. जिंकल्यावर दोन शब्द ऐकवायचे असं त्यांनी घोकून ठेवलं होतं, पण समोरचा माणूस शिडी धरून उभा असला की शब्द कुठे घालायचे?

"वाकडी आहे का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"डावी बाजू जरा वर," जोडेवाले म्हणाले.

"आणि तुमचं ते छप्पर..."

"चार बोटं पुढे आहे. मोजलं मी काल."

तीस वर्षांचा वाद असा फुकट गेल्यासारखं खिळेवाल्यांना झालं, आणि छप्पर राहू द्या, उन्हाचं बरं असतं, असं काहीतरी पुटपुटून ते आत गेले.

फोटो पुन्हा भिंतीवर आला, पण आता खाली, डोळ्यांच्या रेषेत. एका दुपारी मावशी चपलेचा पट्टा शिवून घ्यायला गेली होती तेव्हा एक नवीन गिऱ्हाईक बाई जोडे घालून बघत होती. तिची नजर फोटोवर गेली.

"कोण हो हे?"

"माझे वडील," जोडेवाले म्हणाले. "पंचविशीतले. शिट्टी फार छान वाजवायचे."

"तुमच्यासारखेच दिसतात."

जोडेवाल्यांनी ते ऐकलं आणि खोकं बांधता बांधता त्या बाईला दोन्ही जोडे डाव्या पायाचे बांधून दिले. मावशीने पाहिलं, पण तिला मध्ये बोलवेना. संध्याकाळी ती बाई तावातावाने परत आली, तेव्हाही जोडेवाले हसतच होते.