ठवकर असहमत

संगणक सुरू होत असताना ठवकर काका कधी बसले नाहीत. नेहरू नगरातल्या आमच्या मराठी वाचनालयात ते सकाळी यायचे, बटण दाबायचे आणि टेबलावर पंजा टेकवून उभे राहायचे. पडद्यावर सरकणारी एकेक ओळ हजेरी घेतल्यासारखी वाचायचे. शेवटची ओळ आली की म्हणायचे, "घेतलं." मगच खुर्ची ओढायचे.

ही पोलाद कारखान्यातली सवय. तिथे पाळी संपली तरी बदली माणूस येऊन "घेतलं" म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही, असा त्यांच्या विभागाचा रिवाज होता. निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयाचा लिनक्सवर चालणारा संगणक सांभाळला. पुस्तकांची सगळी यादी आम्ही दोघांनी मिळून त्यात भरली. मी ग्रंथपाल. कमी बोलणारी, पण त्यांच्याशी वाद घालायला मला आवडायचं.

आमचा वाद एकाच गोष्टीवर होता. संगणकात सगळ्यांत आधी एक प्रोग्राम जागा होतो आणि बाकीच्यांना जागं करतो. त्याला इनिट म्हणतात. काकांचा इनिट जुना होता, एकामागून एक उठवणारा. नवा संगणक घ्यायचं ठरलं तेव्हा त्यात सिस्टमडी ही नवी व्यवस्था येणार होती, बहुतेकांना एकदम उठवणारी.

"पहिल्यानं उठणाऱ्यानं बाकीच्यायले उठवावं अन् चुप बसावं," काका म्हणाले. "हा तं नोंदीबी ठेवून राहिला, वेळापत्रकबी पाहून राहिला. कावून?"

"तुमच्या रांगेत एक अडकला की मागचे सगळे खोळंबतात. एकदम उठले तर काय बिघडलं?"

"एकदम उठले तं न्हाणीपुढे भांडण होते, पोरी."

"आणि कारखान्यात तुमचे साहेब चुप बसायचे का?"

"नाही ना बसत. म्हणूनच तं सांगून राहिलो!"

त्याच सुमारास छातीच्या दुखण्याने ते दवाखान्यात गेले. नवा संगणक मी एकटीने लावला आणि यादी असलेली जुनी डिस्क त्याला जोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केला, तर यादी कोरी. एकही पुस्तक नाही. इतक्या वर्षांचं काम माझ्या हातून गेलं, असं वाटून मी तिथेच बसले.

यादी कशी उठवायची हे ज्या फाइलमध्ये मी लिहिलं होतं, तिचा छापील कागद घेऊन मी दवाखान्यात गेले. काकांच्या उशाशी नव्या व्यवस्थेची माहितीपुस्तिका होती, खुणा करकरून वाचलेली.

"विरोध करायचा तं वाचावं लागते," ते म्हणाले. कागदावर त्यांचं बोट थांबलं. "तू लिवलं, यादीले डिस्क पाहिजे. डिस्कच्या नंतर उठ, हे कुठी लिवलं? दोघंबी संगंच उठले. डिस्क यायच्या आधी यादीनं रिकामी जागा पाहिली अन् नवी कोरी वही उघडली. तुही पुस्तकं डिस्कवर सलामत हायेत."

त्यांनी पेनाने 'आफ्टर'ची, म्हणजे 'डिस्कच्या नंतर'ची, एक ओळ वाढवली. मग म्हणाले, "हिच्या वर टीप लिव. ठवकर असहमत."

"अजूनही?"

"अजूनबी. हा गडी लय कामं अंगावर घेते. पण चालवाचं तं नीट चालव." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "घेतलं?"

मी कागदाची घडी घातली. हा शब्द ऐकला की माणूस घरी निघतो, हे मला माहीत होतं.

"अडवून कावून ठेवतं, पोरी?"

"उद्या संगणक नीट उठला की सांगते."

सकाळी मी बटण दाबलं आणि उभी राहिले. आधी डिस्क आली, मग यादी. सगळी पुस्तकं जागच्या जागी होती. मी फोन लावला. काकूंनी तो त्यांच्या कानाला धरला.

"घेतलं, काका."

"माह्या जुन्यापेक्षा लवकर उठला काय?"

"लवकर."

"तरी माहं मत तेच हाय," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले.

मदतीला येणाऱ्या नव्या मंडळींना फाइलमधली ती टीप निरुपयोगी वाटते, कारण संगणक ती वाचतच नाही. मी ती काढू देत नाही. संगणक सुरू होताना मी अजून बसत नाही.