ते पिल्लू नव्हतं

चीनमधल्या झिगोंग शहराजवळच्या दाशानपूच्या टेकडीवर लुओ शूच्योंग पहिल्यांदा गेली ती माती वाहायला. खांद्यावर कावड, कावडीच्या दोन टोकांना दोन टोपल्या, आणि खाली उतरताना जोरजोरात नवऱ्याच्या नावानं केलेली थट्टा. वय सव्वीस. नवरा तांग यूलिन मिठाच्या भट्टीवर कढया ढवळायचा. घरी सासूबाई, एक मुलगी आणि अंगणातल्या खुराड्यात पाच ससे. झिगोंगमध्ये ससा पाळणं म्हणजे मिरच्यांचीही सोय करून ठेवणं.

तिचे वडील मिठाच्या खोल विहिरींसाठी बांबूच्या पट्ट्यांचे दोर वळायचे. त्यांच्या मांडीशी बसून शूच्योंग मोठी झाली. डोळे मिटून बांबूवरून बोट फिरवलं की तो एक वर्षाचा की तीन, हे ती सांगायची. पुढे विहिरींवर पोलादी दोर आले आणि वडिलांचा धंदा बसला. तिच्या बोटांना मग काही कामच उरलं नाही.

टेकडी सपाट करायला घेतली होती ती मालमोटारी उभ्या करायला जागा हवी म्हणून. पण यंत्राचं पातं जिथं लागेल तिथून हाडं निघू लागली. एक नाही, दोन नाही, थरच्या थर. मोटारींचं राहिलं बाजूला, आणि एका कोपऱ्यात रीतसर खोदकाम सुरू झालं. त्या खोदकामाचे मुकादम होते गान मेस्त्री. तोंडात सदा विडी आणि शिवी, पण माणूस पारखी.

एकदा टोपली रिकामी करता करता शूच्योंग थांबली. ढिगातून बोटभर तुकडा उचलून तिनं मेस्त्रींपुढे धरला.

"हा दगड नाही, मेस्त्री."

"मग काय, तुझ्या सासूचा दात?"

"सासूबाईंचे सगळे जागच्या जागी आहेत, रोज दाखवतात. याच्या आत बघा, नळी आहे. दगडाला नळी कुठली?"

मेस्त्रींनी तुकडा उन्हात धरून पाहिला, विडी विझवली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची कावड काढून घेतली. शूच्योंग साफसफाईच्या पडवीत बसू लागली. हातात सुई, लहान छिन्नी आणि कुंचला. दगडातून एक मणका मोकळा करायला चाळीस दिवस लागायचे. कधी साठ.

सासूबाईंना हे पटेना. चहाच्या दुकानात झाकणाचा पेला पुढ्यात घेऊन त्या मैत्रिणींना सांगायच्या, "सून माझी मेलेल्यांची हाडं घासते. तीही कुणाची? ना नात्याची, ना गोत्याची!"

हे शूच्योंगच्या कानावर आलं तेव्हा ती भात वाढता वाढता म्हणाली, "नात्यातली असती तर एवढी लख्ख घासली नसती, आई."

यूलिनला ठसका लागला. सासूबाईंनी मुळ्याचं लोणचं ओढून घेतलं आणि त्या दिवशी सुनेला दिलं नाही.

पाच वर्षं गेली. सोळा-साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी, ज्याला डायनोसॉरांचा ज्युरासिक काळ म्हणतात त्या काळात, झिगोंगच्या या टेकडीच्या जागी कोण कोण नांदलं होतं ते शूच्योंगला शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखं ठाऊक झालं. शास्त्रातली नावं जिभेवर बसेनात, म्हणून पडवीतल्या बायकांनी आपली नावं ठेवली होती. घरावरून पलीकडे बघेल एवढा उंच तो लांबमान्या. शेपटीच्या टोकाला गाठ घेऊन फिरणारा गदावाला. पाठीवर उभ्या फळ्यांची रांग असलेली कंगवेवाली. आणि या सगळ्यांवर टपलेला, दातांना धार असलेला करवत्या. शिवाय दोन पायांवर पळणारा, पाला खाणारा, शेळीएवढा एक होता. त्याला त्या पळपुट्या म्हणायच्या.

या पळपुट्याच्याच खोक्यांमध्ये एक लहान खोकं होतं. आत कोंबड्याएवढ्या जनावराची मोडकी हाडं. वर चिठ्ठी: 'पळपुट्याचं पिल्लू', अर्थात शास्त्रातल्या नावानं. चिठ्ठी चू गुरुजींच्या हातची. चू गुरुजी प्रांताच्या राजधानीतून वर्षातून दोनदा यायचे. सडपातळ, मितभाषी, आणि त्यांनी एकदा लिहिलं की त्यावर कुणी बोलत नसे.

ते खोकं साफ करायला शूच्योंगकडे आलं. शेपटीचा एक मणका घासताना तिची सुई अडली नाही, आणि ती गोष्ट तिला खटकली. मणका असतो दोन भागांचा: खाली रीळ, वर कमान. पिल्लाच्या हाडात या दोघांमध्ये फट असते. साफ करताना सुई त्या फटीत हमखास अडकते. वय झालं की फट बुजते. याची बुजली होती. बोट फिरवलं तरी कुठे खाच लागेना.

वडील म्हणायचे, बारीक बांबू म्हणजे कोवळा बांबू नव्हे. कोंब जमिनीतून येतो तो आपली जाडी घेऊनच येतो. बारीक असेल तो म्हातारा होईपर्यंत बारीकच.

चू गुरुजी आले तेव्हा दुपारच्या चहाला सगळे जमले होते. शूच्योंग पुढे झाली.

"गुरुजी, त्या खोक्यातलं जनावर पिल्लू नाही. पूर्ण वाढलेलं आहे. त्याची जातच लहान आहे."

गुरुजींबरोबर आलेला एक तरुण मदतनीस हसला. "ताई, शिक्षण कितवी?"

"सहावी."

"आणि गुरुजींनी तीस वर्षं यात घालवलीत."

"म्हणूनच त्यांना सांगतेय. तुम्हाला सांगून काय उपयोग?"

गान मेस्त्रींनी हसू लपवायला पेला तोंडाला लावला. गुरुजी मात्र हसले नाहीत. "दाखव," एवढंच म्हणाले.

तिनं फळीवरून खऱ्याखुऱ्या पिल्लांचे तीन मणके आणले, चौथा तो मणका ठेवला, आणि आपली सुई गुरुजींच्या हातात दिली. "डोळे मिटा. डोळ्यांना लहानपण दिसतं. वय हाताला कळतं."

गुरुजींनी डोळे मिटले. पहिल्या हाडावर सुई अडली. दुसऱ्यावर अडली. तिसऱ्यावर अडली. चौथ्यावरून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ निघून गेली. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा गेली.

डोळे उघडून ते म्हणाले, "बरोबर आहे. पण पुरेसं नाही. कितीतरी जनावरांत शेपटीचे सांधे आधी बुजतात, मानेचे सगळ्यात शेवटी. याच्या मानेचा मणका मला दाखव. तोही बुजलेला असेल तर चिठ्ठी मी स्वतः फाडीन."

खोक्यात मानेचा मणका नव्हता. पण ती हाडं ज्या दगडातून आली होती त्याचा मोठा तुकडा पडवीमागे तसाच पडला होता. शूच्योंगनं तो मागून घेतला. रोजचं काम उरकून दिवसाकाठी तास-दोन तास ती त्यावर बसायची. दगड हिरवट करडा, चिवट. घाई केली तर दगडाबरोबर हाडही जायचं. पहिल्या तीन महिन्यांत एक बरगडी मिळाली, आणि एक दात, जो कुणा भलत्याचाच निघाला. पडवीतल्या बायका विचारायच्या, "काय गं, मान वाकवली का त्यानं?" ती म्हणायची, "मानी आहे, वेळ लागेल."

घरात सासूबाईंचा सूर मात्र वेगळाच लागला होता. राजधानीच्या माणसानं सुनेला आव्हान दिलं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. सून त्यांची, तिला बोलायचा हक्क त्यांचा, बाहेरच्यांचा नव्हे. रोज संध्याकाळी त्या दारातच विचारायच्या, "निघालं का?" आणि नाही म्हटलं की ताटात सशाचे दोन तुकडे जास्त पडायचे.

आठव्या महिन्यात, सकाळच्या कोवळ्या उन्हात, छिन्नीखालची खपली उडाली आणि सुपारीएवढं काहीतरी उघडं पडलं. मानेचा मणका. शूच्योंगनं सुई उचलली नाही. आधी अकरा दिवस घेऊन तिनं तो चहूबाजूंनी मोकळा केला. बाराव्या दिवशी हात धुतले, पाणी प्याली, आणि मग सुई लावली. सुई कुठेच अडली नाही.

तिनं आरडाओरडा केला नाही. गान मेस्त्रींना हाक मारली. मेस्त्रींनी स्वतः सुई फिरवून बघितली, आणि त्या तोंडातून पहिल्यांदाच शिवी निघाली नाही. "पोरी," ते म्हणाले, "कागद आण. गुरुजींना पत्र घालू."

चू गुरुजी पत्र मिळताच आगगाडीनं आले. आल्या आल्या डोळे मिटून सुई घेतली. मग साऱ्या पडवीसमोर खोक्यावरची चिठ्ठी काढून तिचे चार तुकडे केले.

"पाच वर्षं मी याला पिल्लू म्हणत आलो," ते म्हणाले. "हा एक वेगळाच, लहान जातीचा प्राणी आहे. हे लुओ शूच्योंगनं ओळखलं. मी ओळखलं नाही. लेखात मी हे असंच लिहिणार आहे." मदतनिसाकडे वळून ते म्हणाले, "ताईंच्या हाताखाली तू दोन महिने बस."

तो बसला. पुढे चांगला शिकला, हे शूच्योंगनंच कबूल केलं.

टेकडीवर वस्तुसंग्रहालय उभं राहिलं तेव्हा एका रविवारी अख्खं तांग घराणं निघालं. यूलिननं नवा सदरा घातला होता. सासूबाई लांबमान्याखाली पाच मिनिटं मान वर करून उभ्या राहिल्या, कंगवेवालीला "हिच्या नवऱ्याचं कसं व्हायचं" म्हणाल्या, आणि करवत्यासमोरून भराभर पुढे गेल्या. शेवटी काचेच्या लहान पेटीपुढे आल्या.

"हा तुझा?"

"हो, आई."

"एवढासा?"

"एवढासाच."

तेवढ्यात मागून कुणी बाई आपल्या मुलीला सांगत होती, बघ, डायनोसॉरचं बाळ. सासूबाई गर्रकन वळल्या.

"बाळ नाही हो! पुरता बाप्या आहे. वाढूनच एवढा झालाय. राजधानीचे मोठमोठे गुरुजी चुकले, माझी सून नाही चुकली. ही काय, ही उभी आहे!"

लोक वळून बघू लागले. शूच्योंगला कुठं तोंड लपवावं कळेना, पण लपवलंही नाही. ताठ उभी राहिली. यूलिन शेजारी असा उभा होता, जणू त्यानंच दगड फोडलाय.

पुढच्या अठ्ठावीस वर्षांत तिनं एकवीस जणांना हे काम शिकवलं. निवृत्तीच्या दिवशी छातीवर लाल रेशमी फूल लावून तिचा सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती पडवीच्या दारात हजर.

पहारेकरी गोंधळला. "मावशी, काल तर निरोप दिला ना तुम्हाला?"

"दिला की. छान झाला समारंभ," शूच्योंग रुमाल डोक्याला बांधत म्हणाली. "पण नव्या खड्ड्यातला दगड मी अर्धा उघडून ठेवलाय. आत कुणाची तरी कवटी आहे, आणि ती आमच्यातल्या कुणाचीच वाटत नाही. कुलूप काढ."