ओढून पाहणारे सर

आमच्या सरांना समोरची वस्तू ओढून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. शर्टाचं बटण, पिशवीचा बंद, चहाच्या कपाचा कान, काहीही. बीडच्या कॉलेजात पोरं त्यांना ‘ओढसर’ म्हणत. मी त्यांच्या प्रयोगशाळेत हाताखाली होतो, त्यामुळे माझी बटणं कायम तपासलेली असत.

कामही तेच. काचेत नाहीतर चिनीमातीत बारीक धागे बसवायचे आणि यंत्रात धरून ओढायचे. “दिसायला समदेच चिकटलेले असतेत,” ते म्हणत. “ओढल्यावर खरं कळतं.”

एका दुष्काळात लिंबागणेशच्या बाजूच्या एका दूध सोसायटीनं जनावरांच्या छावणीसाठी फायबरच्या टाक्या करायला घेतल्या. काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर चिकट रेझिन. चेअरमन म्हणजे सरांचेच थोरले भाऊ. टाक्या पक्क्या असल्याच्या दाखल्यावर सरांची सही लागत होती. दादा टाकीचा तुकडा घेऊन आले ते सही मिळणारच या खात्रीनं.

“परवा छावणी सुरू व्हायलीय. टँकर यायलाय. सही करून टाक.”

सरांनी तुकडा यंत्राला लावला. तो फाटला आणि धागे रेझिनमधून सुळकन बाहेर आले, अगदी कोरे. सरांनी ते नाकाशी धरले.

“दादा, कापड कुठं ठिवलतं?”

“गोडाउनात, पेंडीच्या पोत्यांवर. दुसरी जागा हाय का?”

शेंगदाण्याच्या पेंडीचं तेल कापडात उतरलं होतं. तेलकट धाग्याला रेझिन धरणार कसं?

“टाक्या फुटतील, दादा. जनावरांचं पाणी मातीत जाईल. मी सही करत न्हाई.”

“सख्ख्या भावाला नडायलास बे,” म्हणत दादा उठले. चहा तसाच राहिला. त्या दिवशी सरांनी कशालाच हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं.

छावणी मागून आणलेल्या पत्र्याच्या पिंपांवर सुरू झाली. दादांनी बोलणं टाकलं. अक्षय्य तृतीयेच्या जेवणालाही ते सरांकडे आले नाहीत.

मग एका दुपारी ते प्रयोगशाळेत आले आणि नवा तुकडा टेबलावर ठेवला. “ह्याचं कापड तुझ्या वहिनीच्या कपाटात ठिवलतं,” एवढंच बोलले. सरांनी तुकडा ओढला. यंत्र कुरकुरलं. शेवटी तो तुटला, पण धाग्यांना रेझिन चिकटलेलंच होतं.

“धरलंय, दादा.”

“मग चहा सांग की.”

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा दादांकडे गेलो होतो. त्या टाक्यांतली एक त्यांच्या गोठ्यापाशी अजून उभी आहे. मी निघालो, तेव्हा दादांनी माझ्या पिशवीचा बंद मुठीत धरून जोरात ओढला.

“धरतंय,” ते म्हणाले. “जावा आता.”