चाटून पुसलेली वाटी

आमच्या छापखान्यात रोज दोन गोष्टी साठतात, लाकडाच्या कपच्या आणि किस्से. कपच्या बंबात जातात. किस्से पोटात मावत नाहीत, म्हणून सांगते!

शुभाताईंनी जपानला शिकून येऊन भूगावात हे काम काढलं. लाकडावर चित्र कोरायचं, रंग लावायचा, वर कागद ठेवून हातानं घासायचं. मशीन नाहीच! कोरायला सुदामदादा सुतार. मी सातवी शिकलेली, माझ्याकडे तांदळाच्या पिठाची खळ शिजवायचं काम. ती रंगात घालतात, एक गुठळी चालत नाही. पण नोकरी कच्ची. ताईंचे जपानी सर येऊन खळ बघणार, मगच पक्की!

*

लाकडाच्या कोपऱ्यात कागद टेकवायला बारीक उंचवटा ठेवतात. सुदामदादांनी पहिल्याच दिवशी तो तासून टाकला. "ताई, कोपऱ्यात कचरा ऱ्हायला व्हता, साफ केला!"

कागद सरकला आणि पोपटाची लाल चोच थेट शेपटीला!

*

छापायचा कागद ओलसर लागतो. ताईंनी तो भिजवून ठेवला होता. जागेच्या मालकीण मंदाकाकूंनी बघितला आणि सगळा चिमटे लावून दोरीवर!

"लई भिजला व्हता गं. कसा कडक वाळवलाय बघ!"

ताई पायरीवरच बसल्या.

*

कागदावरून घासणी सरकायला तिला तेलाचा हात लागतो. एकदा तेल संपलं. सुदामदादांनी घासणी सरळ आपल्या डोक्यावरून फिरवली. चित्र झकास उठलं!

गिऱ्हाईक कागद हुंगत म्हणालं, "जपानात खोबरेल लावतात वाटतं?"

*

सर आले त्याच दिवशी सासूबाई चांद्याला लग्नाला, नवरा कंपनीची कॅब घेऊन हिंजवडीला. माझ्या अडीच वर्षांच्या सोनीला ठेवू कुठं? कडेवर घेऊनच गेले. पोरगी खाण्याची भारी नखरेल! पेजेत एक गुठळी लागली की थू!

सर बसले. ताई म्हणाल्या, "खळ आण गं."

वळते तर काय, वाटी सोनीच्या मांडीवर, चाटून पुसून लख्ख! ओठ पांढरे! नशीब, रंग घातला नव्हता. पण नोकरी गेली!

"सर, दुसरी करते, आत्ता करते..."

दारातून मंदाकाकू कडाडल्या, "रडती कशाला? गुठळी असती तर ह्या पोरीनं भिंतीवर थुकली असती की!"

ताईंनी ते जपानीत सांगितलं. सरांनी वाटीत बघितलं, सोनीच्या तोंडाकडे बघितलं, आणि काहीतरी बोलले.

"काय म्हणाले हो ताई?"

"दोघींना ठेवा म्हणतात. एक शिजवायला, एक तपासायला!"