मापाचं दूध

आम्ही निघालो त्या सकाळी नीलेशच्या दादानं त्याच्या कानाखाली जाळ काढला, तोही माझ्या आईसमोर. तळवलीला त्यांच्या घरापुढं गाडी उभी होती. डिकीत आमच्या बॅगा आणि बॅगांवर काकींनी, म्हणजे नीलेशच्या आईनं, कोंबलेल्या पिशव्या: तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, सोडे, लोणच्याची अख्खी बरणी. दादाचं म्हणणं सरळ होतं. घरचे पाण्याचे टँकर आहेत, चालता धंदा आहे, आणि हा शहाणा दुसऱ्यांच्या लढाईत त्यांच्या पोरांना दूध पाजायला निघालाय. नीलेश गाल चोळत गाडीत बसला आणि ड्रायव्हरला चल म्हणाला. काकींनी खिडकीतून हात घालून त्याच्या तोंडात भाकरीचा घास कोंबला. माझी आई मला सोडायला दिघ्याहून आली होती. ती माझ्या कानाशी येऊन पुटपुटली, "संगे, ह्यांच्यापरीस तिथले लोक बरे असतील गं."

आई मूळची जालन्याकडची, तिला आगरी घरातला आरडाओरडा कधी झेपला नाही. तिच्या त्या वाक्याची मला पुढं फार आठवण आली.

मी दिघ्यात वाढले. कंपन्यांचा धूर, डोंगराला चिकटलेली घरं, टँकरवर रोजचा राडा. हंडा डोक्यात घालून टाके पडलेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्यात, त्यामुळं भांडणाची भीती अशी मला नव्हतीच. नर्सिंग केलं, कुपोषित पोरांच्या वॉर्डात नोकरी केली, आणि तिथून या मदतीच्या कामात शिरले. नीलेश स्टोअर सांभाळणारा. मोठ्या मनाचा, तोंडानं फाटका, आणि कुणी उपाशी दिसलं की याला चैनच पडायची नाही. त्याचे आजोबा मिठागरावर होते. जेवणात मीठ कमी पडलं तर त्यांच्या घरी ताटं वाजतात.

जाण्याआधी आमचं ट्रेनिंग बेलापूरला झालं, एसी हॉलमध्ये. शिकवणाऱ्या मॅडम महाकडक. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली. फार दिवस उपाशी राहिलेल्या पोराचं शरीर आतून मंद झालेलं असतं. त्याला एकदम पोटभर घातलंत तर त्याचं हृदय बंद पडेल. म्हणून औषधी दूध, खुणेच्या कपानं, तीन-तीन तासांनी, आणि वर एक थेंब नाही. त्यातही ज्याच्या अंगावर सूज आहे त्याला सगळ्यात जास्त जपायचं, कारण ते पोर गुबगुबीत दिसतं आणि तेच सगळ्यात आधी जातं. पायावर अंगठा दाबा, खड्डा राहिला की समजा. आणि मीठ तर त्याच्या जवळपासही न्यायचं नाही.

नीलेशला हे पटता पटेना. चहाच्या सुट्टीत तो मला म्हणाला, "ताई, आमचे घरी असा मापानं वाढला ना, तर पाव्हना ताट ढकलून उठंल." मी हसले. परीक्षेत मात्र त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले.

ज्या देशात गेलो त्याचं नाव लिहीत नाही. आमची माणसं अजून तिथं आहेत. माळरानावर तंबूंचं एक गाव वसलेलं होतं आणि त्यात लढाईतून पळून आलेली माणसं. विमानातून उतरलो त्या आठवड्यात धान्याचा ट्रक लुटला गेला. एका पोत्यासाठी एका म्हाताऱ्याच्या डोक्यात कुदळ घातलेली मी पाहिली. पोतं फाटलं, आणि रक्तात सांडलेली ज्वारी बायका ओच्यात भरून घेत होत्या, कारण ज्वारी ती ज्वारी. दिघ्याचा टँकर मला तेव्हा लग्नघरासारखा वाटला.

आमचं काम तिथल्या पोरीबाळींना शिकवायचं. पोराच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी कशी गुंडाळायची, लाल रंग, म्हणजे पोर फारच वाळलेलं, आला की काय करायचं, दूध कसं कालवायचं, आयांना कसं समजवायचं. समजवणं हेच सगळ्यात अवघड. मी ज्या बाईला कप दाखवून "एवढंच" म्हणायचे, ती माझ्याकडं असं बघायची की जणू उरलेलं दूध मी माझ्या घरी नेणार आहे. शिव्या खाल्ल्या, अंगावर थुंकून घेतलं. संध्याकाळी नीलेश डबे धूत बसायचा. त्याला आतल्या आत काय होतंय हे मला दिसत होतं, पण मी म्हटलं, होईल सवय.

हलीमा आणि युसुफ हे नवरा-बायको दोन पोरांना घेऊन चालत आले होते. मुलगा आदम, चार-एक वर्षांचा, अंगभर सुजलेला. धाकटी झारा नुसता सापळा. युसुफ दांडगा गडी. आदमला खांद्यावरून उतरवताना तो त्याच्या पायाला फुंकर घालत होता. दोन्ही पोरं आमच्या तंबूत दाखल झाली, कपानं दूध सुरू झालं. झारा निपचित पडायची, पण आदमला तरतरी आली आणि तो खायला मागायला लागला. रडायचा, माझा कप ओढायचा, आणि नीलेशनं शिकवलेला एकच मराठी शब्द म्हणायचा: दे.

एका दुपारी मी वर्ग घेत होते. नीलेशनं स्टाफच्या चुलीवर तांदळाची पेज केली, त्याच्या घरी आजारी पोरासाठी करतात तशी, मऊसूत, चांगली मीठ घालून. मग आदमला मांडीवर घेऊन वाटीभर पाजली. पोरानं अजून मागितली, ह्यानं अजून दिली. पोर हसलं म्हणे. मॅडमचं सगळं त्याला पाठ होतं, तरी त्यानं दिली. पुस्तकातलं पोर वेगळं आणि मांडीवर बसून दे म्हणणारं वेगळं, दुसरं मी काय सांगू?

दिवस मावळायच्या आत आदम गेला. धाप लागली, ओठ निळे पडले, आम्हाला जे जे येत होतं ते सगळं आम्ही केलं, काही उपयोग झाला नाही. हलीमाच्या हंबरड्यानं माणसं गोळा झाली. काय घातलंत माझ्या पोराला, असं युसुफ विचारत होता, आणि आमच्या तिथल्या नर्सनं मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. मीही गप्पच राहणार होते. तेवढ्यात हा नीलेश पुढं झाला आणि मोडक्यातोडक्या त्यांच्या भाषेत बोलला, "मी दिलं. जेवण दिलं. माझ्या हातानं."

युसुफनं तंबूचा दांडका उपसला. पहिला फटका जबड्यावर बसला, त्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. मग चार-पाच जणांनी नीलेशला खाली पाडून लाथांनी तुडवला. मी मध्ये पडले तर माझ्या तोंडावर दगड बसला आणि दात तुटून जिभेवर आला. मी मराठीत आयाबहिणींवरून ओरडत होते, कुणाला काय कळणार होतं? कुणीतरी दुधाच्या पाकिटांच्या खोक्यांना काडी लावली. त्याच वेळी कॅम्पच्या पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. गर्दी फुटली, आणि धूळ बसल्यावर युसुफ आदमच्या अंथरुणावर आडवा पडलेला दिसला, गळ्यात गोळी. दांडका हातातच होता. त्याच्या जागी माझा भाऊ असता तर त्यानंही तेच केलं असतं, यात मला शंका नाही.

हलीमा झाराला उचलून निघून गेली. ती पोर दुधाशिवाय दोन दिवसही काढणार नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. मी नर्सेसना तिच्या झोपडीकडं पाठवलं, तिनं दगड मारून त्यांना पळवलं. मी गेले तर कोयता घेऊन अंगावर आली. इकडं ऑफिसचा हुकूम आला की नीलेशला मिळेल त्या विमानानं परत पाठवा. जबडा फडक्यानं बांधलेला, डावा हात गळ्यात, एक डोळा बंद. सकाळी उठून बघते तर हा दुधाचं एक न फोडलेलं पाकीट, एक डबा, पाण्याचा कॅन आणि खुणेचा कप घेऊन चाललाय. मी त्याला इतक्या शिव्या घातल्या की दादाची कानाखाली परवडली असती. त्याला बोलता येत नव्हतं. तो चालत राहिला आणि मी मागोमाग.

झोपडीसमोर तो मातीत बसला. हलीमा बाहेर आली, तिच्या हातात मुसळ होतं. तिनं ते त्याच्या खांद्यावर घातलं. तो वाकडा झाला, परत सरळ बसला. आजूबाजूला माणसं जमली. त्यानं गुडघ्यांत धरून एका हातानं तिच्यासमोर पाकीट फोडलं, डब्यात दूध कालवलं, खुणेपर्यंत कप भरला आणि आधी स्वतः प्यायला. तुटलेल्या जबड्यातून अर्धं दूध रक्तासकट गळ्यावर ओघळलं. मग कप धुतला, पुन्हा खुणेपर्यंत भरला, तिच्यापुढं जमिनीवर ठेवला आणि हात मागं घेतला.

तिनं मुसळ खाली ठेवलं. मग आत गेली, झाराला घेऊन आली आणि आमच्यासमोर घोट घोट पाजू लागली. आमच्या नर्सनं शिकवलं होतं तसंच, बसवून, हळूहळू. कप रिकामा झाला आणि झारा रडायला लागली. किती दिवसांनी त्या पोरीचा आवाज फुटला होता. हलीमानं कप पुढं केला. अजून.

नीलेशनं मान हलवली. नाही.

तिनं मुसळ उचललं. या खेपेला फटका मोडलेल्या हातावर बसला. घशातून जनावरासारखा आवाज आला त्याच्या, पण मान हललीच. नाही. ती मारत होती आणि रडत होती, पोर रडत होती, डब्यात दूध उरलेलं सगळ्यांना दिसत होतं, आणि हा तळवलीचा गडी, ज्याच्यानं भिकाऱ्याला वडापाव दिल्याशिवाय पुढं जाववत नव्हतं, डोळ्यांतून पाणी काढत नाही नाही करत होता. मला वाटलं, आता मेला हा. मग तिचाच हात थकला. तिनं मुसळ टाकलं आणि त्याच्यासमोर बसली. तीन तासांनी त्यानं दुसरा कप भरला. संध्याकाळी ती स्वतःहून झाराला घेऊन तंबूत आली.

झारा जगली. आता धावते, आणि माझ्या पोरींच्या वर्गात घुसून पट्ट्या पळवते.

नीलेश विमानात बसला नाही. तिथंच जबडा बांधून घेतला, तिथंच राहिला, आणि ऑफिसनंही शेवटी हट्ट सोडला. दूध कालवण्याची खोली आता तो सांभाळतो आणि नव्या लोकांना कपाची खूण शिकवतो. मीही बहुतेक वर्ष तिकडंच असते. भाड्याच्या खोलीत ज्वारीची जाड भाकरी थापते, मालकीण बाई तिला हसते. शेजारच्या बाजारात गोळीबार झाला की दार लावून घेते आणि मग उरलेलं पीठ मळते. सुट्टीत दिघ्याला आले की मला आवाजाचा त्रास होतो. गल्लीत फटाके वाजले की मी पलंगाखाली शिरते आणि भाची टाळ्या पिटते. आई म्हणते, "बाई, तिकडचं टेन्शन तू घरी घेऊन आलीस, आता जेव तरी." मी दोन घास कमीच खाते. का ते तिला सांगवत नाही.

गेल्या खेपेला तळवलीला गेले. काकींना आजवर एवढंच ठाऊक होतं की रानटी लोकांनी त्यांच्या पोराला विनाकारण मारलं. नीलेशनं मला बजावलं होतं, सगळं खरं सांग, युसुफला कुणी रानटी म्हणायचं नाही. म्हणून मी सगळं सांगितलं. पेज, मीठ, आदम, युसुफ, सगळं. काकी वाल सोलत होत्या, त्यांचे हात थांबले.

"म्हंजे आपले घरचा जेवान खाऊन त्यांचा पोर गेला?"

मी हो म्हटलं.

"मी पन दिलीच असती गं बाय," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडात कोंबून रडल्या. त्या युसुफसाठीही रडल्या हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग नाक पुसून त्यांनी झाराचं विचारलं. जगली म्हटल्यावर उठल्या, माझ्यासाठी ताट केलं आणि नको नको म्हणताना भाताचा डोंगर वाढला. "त्याला सांग, घरी ये आता. हितं त्याला कुनी मापानं वाढनार नाय."

परत गेल्यावर मी नीलेशला हे शब्द तसेच्या तसे सांगितले. तो कप धूत होता. जबडा वाकडा बसल्यामुळं त्याचं बोलणं आता जरा फरफटतं.

"म्हनून तर येत नाय ना, ताई," तो म्हणाला.

घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर त्याच्या या वाक्याखेरीज माझ्याकडं दुसरं उत्तर नाही. तिकडं गेलेल्यांना ते समजेल. मागं राहिलेल्यांपैकी काकींना वाचता येत नाही, पण तळवलीत हे वाचणारे बरेच आहेत. त्यांना हात जोडून सांगते, त्याचं हे वाक्य काकींपर्यंत नेऊ नका. त्या अजून दर आठवड्याला फोनवर विचारतात, आणि मी सांगते, येईल, कामातून सुटला की येईल.